तेलातला टायमिंग बेल्ट: बदलून ११ महिने, १२,६०० किलोमीटर

गाडी २०१८ ची, तीन सिलिंडरची पेट्रोल. २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा ४२ हजार किलोमीटर झाले होते. मी भुसावळचा. घर ते दुकान तीन किलोमीटर, मुलांची शाळा त्याहून जवळ, आणि महिन्यातून दोनदा जळगाव नाहीतर धुळे. हे आधी सांगतो, कारण हा बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा) किती टिकतो ते गाडी कशी चालते यावरच ठरतं.

मागच्या मे महिन्यात धुळ्याचं लग्न आटोपून निघालो. ऊन पंचेचाळीसचं, एसी चालू, गाडीत चार माणसं. पाळधीजवळ ट्रकच्या मागे वेग कमी केला आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा, म्हणजे तेलाचा दाब पडल्याचा इशारा, क्षणभर लुकलुकला. बायको म्हणाली, "अहो, बाजूला घ्या आधी." घेतली आणि इंजिन बंद केलं. पंधरा मिनिटांनी ऑइलची काडी काढून बघितली, तर तेल अगदी वरच्या खुणेपर्यंत. तेल भरपूर आहे आणि दाब नाही, हे काही डोक्यात शिरेना. पण तशीच पुढे रेटली नाही, टो करून जळगावच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजला नेली. त्या दिवशी घेतलेल्या निर्णयांतला हाच सगळ्यात शहाणपणाचा.

मिस्तरींनी दुसऱ्या दिवशी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं आणि तेल ओढून घेणारी जाळी माझ्या हातात दिली. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो तशी ती काळ्या लगद्याने अर्धीअधिक भरलेली. बोटाने चोळलं तर रबराचे बारीक कण, आणि त्यांत केसासारखे धागे. पुढचं कव्हर काढल्यावर बेल्ट दिसला. कडा उसवलेल्या, पाठीवर आडव्या भेगा. व्हर्नियर लावला तर नव्या बेल्टपेक्षा रुंद भरला, म्हणजे फुगलेला. "हाऊ पट्टा गया भाऊ," एवढंच मिस्तरी बोलले.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी: साध्या टायमिंग बेल्टला तेलाचा थेंबही चालत नाही, तो इंजिनाबाहेर कोरड्या कव्हरखाली फिरतो. हा मात्र इंजिनाच्या आत, तेलातच फिरतो. त्यासाठी त्याचं रबरही वेगळं असतं. घर्षण कमी, आवाज कमी, मायलेजला थोडी मदत. फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही याची जगभर माहीत असलेली उदाहरणं. कल्पना वाईट नाही. पण हे रबर तेलाच्या भरवशावर जगतं. भलतंच तेल घातलं, बदलायला उशीर केला किंवा तेलात पेट्रोल उतरत राहिलं, तर ते मऊ पडतं, फुगतं आणि सुटू लागतं. सुटलेला चुरा जाळीत जाऊन बसतो. त्यामुळे बेल्ट तुटायच्या आधीच तेलाचा दाब कमी होतो, आणि बेअरिंग व टर्बो कोरडे चालतात. तुटलाच तर पिस्टन वॉल्व्हवर आदळतात, मग हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, काम वेगळं.

माझ्याकडे कारणं समोरच होती. आधीचं गॅरेज वर्षातून एकदा, दहा हजारांवर, बॅरलमधलं सुट्टं ऑइल भरायचं. ग्रेड विचारली की "सगळ्या पेट्रोलला हेच चालतं" असं उत्तर, आणि मीही ते ऐकून घेतलं. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तीन किलोमीटर जायचं आणि बंद करायचं. इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं आणि उडून जायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात उलटी गत. बाजारात एसी लावून गाडी अर्धा अर्धा तास उभी. इंजिन चालतंय, तेल शिजतंय, मीटर जागचं हलत नाही. म्हणून आपल्याकडे नुसते किलोमीटर मोजणं खोटं आहे, महिनेही मोजा.

कामाला चार दिवस लागले, त्यातले दोन दिवस पार्ट पुण्याहून यायला. ऑइल पंपाचा छोटा बेल्टही तेलातच असतो, तोही टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारा भाग) बदलला. जाळी नवी, चेंबर धुऊन, पुढचं क्रँक सील नवं, कव्हरला सीलंट नव्याने. या इंजिनात क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) गिअरला चावी, म्हणजे तो जागचा सरकू न देणारी लोखंडी पट्टी, नसते, तो नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर धरून असतो. म्हणून क्रँक आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) लॉक करायची खास हत्यारं लागतातच, पांढऱ्या रंगाची खूण करून भागत नाही. आणि तो बोल्ट एकदाच वापरायचा. मिस्तरींनी टॉर्क पाना लावून वर अंशात फिरवला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. सगळं मिळून ४१ हजार. त्या दिवशी फार वाटले, पण इंजिन वाचलं.

आता या ११ महिन्यांचं. गाडी शांत आहे, सकाळच्या स्टार्टला आधी येणारा खरखराट गेला. मायलेजमध्ये फरक जाणवला नाही. तेल पहिल्यांदा एक हजारावर बदललं, मग दर पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. दर वेळी जुना फिल्टर कापून आतला कागद उन्हात पसरून बघतो. पहिल्या वेळी घड्यांमध्ये मोहरीच्या टरफलांएवढे काळे कण मिळाले, दहा-बारा. दुसऱ्या वेळी दोन. मागच्या महिन्यात एकही नाही. तो स्वच्छ कागद बघून जो जीव भांड्यात पडला, तो कुठल्याही सर्व्हिसच्या बिलाने पडला नसता.

तेल घेताना डब्यावरचा ५डब्ल्यू-३० वगैरे आकडा पुरेसा नाही. त्यावरून फक्त पातळ-घट्टपणा कळतो. मॅन्युअलमध्ये कंपनीच्या मंजुरीचा नंबर असतो, तो डब्यामागे छापलेला हवा. उदाहरणार्थ १.० इकोबूस्टला फोर्डने ५डब्ल्यू-२० सोबत डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी असा नंबर दिलेला आहे. जळगावात तीन दुकानं पालथी घातली, चौथ्याने मागवून दिलं. सीलबंद डबाच घ्या. इंजिन आतून धुवायच्या फ्लशच्या बाटल्या या बेल्टच्या इंजिनात घालू देऊ नका, त्यातलं सॉल्व्हंट रबरालाच खातं.

बदलायच्या मुदतीबद्दलही माझं मत ठाम आहे. कंपनीची दहा वर्षांची मुदत आपल्या वापराला लागू धरू नये. प्युअरटेकची मुदत फ्रान्समध्ये पुढे सहा वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली, आणि नव्या हायब्रिड प्युअरटेकमध्ये बेल्ट काढून साखळीच बसवली. माझी गाडी ७८ हजारांवर, सातव्या वर्षी थांबली. आता मी पाच वर्षं धरून चाललो आहे.

एक गोष्ट अजून नजरेखाली आहे. क्रँक पुलीच्या मागे कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात किंचित ओल दिसते, थेंब पडत नाही. दर रविवारी टॉर्च लावून पुसतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा बघतो. मिस्तरी म्हणतात पावसाळ्यानंतर वाढली तर कव्हर पुन्हा उघडू, सीलंटची मजुरी घेणार नाहीत.