‘बर्मा साग’ म्हणून होडीला भलतंच लाकूड लागलं

२०२३ च्या पावसाळ्यात मी माझ्या शिडाच्या होडीचं बाहेरचं सगळं लाकूड बदलून घेतलं. १,८५,००० रुपये मोजले. पुढच्या मे महिन्यात तेच लाकूड उपटून काढावं लागलं, आणि त्याच्याखाली जे निघालं त्याचा खर्च अजून संपलेला नाही. होडी असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पण घराच्या दाराला, गॅलरीच्या कठड्याला ‘बर्मा साग’ लावून घेणाऱ्यांनीही वाचावं, कारण मला फसवणारा माणूस मूळचा फर्निचरचाच कंत्राटदार आहे.

होडी २८ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. २०१७ मध्ये जुनी घेतली. अंग फायबरचं असलं तरी बाहेरून बरंच लाकूड असतं. डेकच्या कडेने पाय अडकवायला उभी पट्टी असते, ती टो-रेल. तिच्याखाली, धक्क्याला होडी घासली तर मार खाणारी जाड पट्टी, ती रब-रेल. केबिनच्या छतावर धरायचे दांडे आणि कॉकपिटच्या, म्हणजे मागे बसून होडी हाकायच्या उघड्या जागेच्या, दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या. हे सगळं मूळचं सागाचं होतं, पण मधल्या मालकाने बरीच वर्षं हात लावला नव्हता. सांधे उघडले होते, एका जागी पट्टी चिरली होती.

आपल्याकडे होड्या ऑक्टोबर ते मे पाण्यात असतात आणि पावसाळ्याआधी वर ओढतात. माझी मांडव्याच्या बाजूला खाडीकाठी ताडपत्रीखाली होती. ओळखीतून हा कंत्राटदार आला. बोलायला अतिशय गोड. पहिल्याच भेटीत म्हणाला, “साहेब, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली, दोनशे वर्षं झाली तरी तरंगतायत. तुमच्या होडीला तसाच बर्मा साग लावतो.” त्यातलं जहाजाचं खरं आहे. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. मला हे माहीत होतं, म्हणूनच ते ऐकून मी विरघळलो. ती मलबारच्या सागाची आहे, बर्म्याच्या नाही, हेही मला माहीत होतं. तिथे मी अडवायला हवं होतं. “बर्म्याहून आपल्याकडे थेट ओंडके येतात,” असंही तो म्हणाला. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली आहे, हे मी वर्षभराने वाचलं.

त्याने कोटेशन एका कागदावर दिलं: लाकूड १४ घनफूट, दर ७,५००, म्हणजे १,०५,०००. मजुरी ६०,०००. पॉलिश २०,०००. बिलावर फक्त ‘लाकूडकाम’. जीएसटी नको असेल तर स्वस्त पडेल, असं म्हणाला आणि मी मान डोलावली. ही चूक मला सगळ्यात महागात पडली. लाकडाची जात कुठेच लिहिलेली नव्हती.

त्या १४ घनफुटांचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, गुणाकार करून १४४ ने भागायचं. टो-रेल दोन्ही बाजूंची मिळून ५६ फूट, अडीच बाय दीड इंच, म्हणजे दीड घनफुटाला जरा कमी. रब-रेल ५६ फूट, दोन बाय सव्वा, साधारण एक घनफूट. कॉकपिटच्या फळ्या आणि दांडे मिळून आणखी एक. सगळं साडेतीन. तासण्यात, कापण्यात वाया जाणारं धरलं तरी पाच. मी चौदाचे पैसे दिले. मी इंजिनियर आहे आणि हे गणित मी लाकूड उपटल्यावर केलं.

काम जून ते सप्टेंबर चाललं. मी दोनदाच गेलो. “कशाला पावसात येता साहेब, फोटो पाठवतो ना,” असं म्हणायचा आणि खरंच रोज फोटो पाठवायचा. प्रत्येक फोटोत पट्टीवर आधीच रंग चढलेला. कोरं लाकूड एकाही फोटोत नाही. पट्टी डेकवर बसवतानाचाही एक फोटो नाही. तेव्हा हे खटकलं नाही, याचं आता वाईट वाटतं. ऑक्टोबरमध्ये होडी पाण्यात गेली तेव्हा ती पट्टी मधासारखी चमकत होती आणि मी त्याला राहिलेले वीस हजार तिथल्या तिथे दिले.

डिसेंबरात नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, पॉलिश पांढरं पडायला लागलं, जणू खाली धुकं साठलंय. फेब्रुवारीत गुल्ल्यांभोवती काळी वर्तुळं दिसली. गुल्ली म्हणजे स्क्रूचं डोकं झाकायला वर ठोकतात ते गोल लाकूड. मार्चमध्ये सांधे उघडले. मी फोन केला तर म्हणाला, खाऱ्या हवेने होतं, एक हात मारून देतो. आला नाही.

आमच्या शेजारी नांगरणारे एक नाखवा आहेत, साठीच्या पुढचे, घरात पिढ्यांची मासेमारी. त्यांनी पट्टीवर अंगठा फिरवला, सुरीने कडेची एक ढलपी काढली, थुंकीने ओली केली आणि हुंगली. “दादा, सागाला वास येतो. चामड्यासारखा. याला नाय.” मग पट्टीचं टोक दाखवलं. साग आडवा कापला की वर्षावर्षाची वर्तुळं साफ दिसतात, कारण प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला त्याची छिद्रं मोठी येतात. या लाकडात छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली होती, वर्तुळं जवळपास नाहीतच. ताजा रंधा मारलेला साग हाताला तेलकट लागतो, हे कोरडं ठाक होतं. वरचा सोनेरी रंग डाईचा होता. मी नंतर एक तुकडा बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत ओळखीसाठी पाठवला. त्यांच्या अहवालात साग नव्हता.

पॉलिशचं कळायला प्रयोगशाळा लागली नाही. कापसावर स्पिरिट घेऊन घासलं आणि ते विरघळून कापसाला आलं. म्हणजे चपडी, लाखेचं पॉलिश. घरातल्या कपाटाला ठीक असते, पण पाण्याने पांढरी पडते. उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या लाकडाला उन्हाची अतिनील किरणं अडवणारं सागरी वॉर्निश लागतं. पहिला हात पातळ करून, मग प्रत्येक हातानंतर घासून सहा ते आठ हात. साग असेल तर आधी अ‍ॅसिटोनने पुसून वरचं तेल काढायचं, नाहीतर वॉर्निश धरत नाही. वॉर्निश नकोच असेल तर साग तसाच राखाडी पडू द्यावा, त्याने काही बिघडत नाही.

इथवर झालं असतं तरी मी म्हटलं असतं, पैसे गेले. पण मे २०२४ मध्ये होडी वर ओढली आणि आम्ही गुल्ल्या फोडल्या. आतले स्क्रू चुंबकाला चिकटले. लोखंडी, वरून चकाकी दिलेले. काळी वर्तुळं त्या गंजाची होती. इथे सिलिकॉन ब्रॉन्झचे किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे स्क्रू लागतात. साधं पितळही खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जाऊन ठिसूळ होतं. सांधे तर सरळ कापून टोकाला टोक लावलेले, फटीत भुसा आणि फेविकॉल. असा सांधा तिरका कापावा लागतो, जाडीच्या निदान आठपट लांबीचा उतार देऊन, म्हणजे चिकटायला भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि होडीच्या वळणाबरोबर पट्टी वाकते.

पट्टी उचलली तेव्हा पोटात खड्डा पडला. खाली सीलंट, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून फटीत भरतात ते द्रव्य, जवळजवळ नव्हतंच. दोन ठिकाणी बाथरूमला लावतात तसलं सिलिकॉन होतं. जुन्या स्क्रूंची भोकं न बुजवता त्यांच्या शेजारीच नवी पाडली होती. दर सहा इंचांवर एक, म्हणजे एका बाजूला छप्पन्न नवी आणि तेवढीच जुनी उघडी. माझ्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड आहे. त्याने डेक हलका राहून ताठ होतो, पण पाणी लागलं की ते कुजतं. पावसाचं आणि लाटांचं पाणी आठ महिने त्या भोकांतून आत मुरत होतं. हातोडीच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत गेलो. चांगल्या जागी टणक आवाज, आणि उजव्या बाजूला नाळेपासून चार फूट नुसता थप थप. वरचा थर कापून काढला तेव्हा आत ओल्या पोह्यांसारखा लगदा निघाला.

साग नव्हता, याचा राग एकवेळ गिळता आला असता. पण एका दुपारी भोकं इपॉक्सीने बुजवायची आणि पट्टीखाली नीट सीलंट भरायचं, एवढं काम टाळलं म्हणून डेक गेला. आणि हे काम बाहेरून कधीच दिसत नाही. म्हणून लाकूड कोणतंही घ्या, पट्टी बसवतात त्या दिवशी तिथे हजर राहा. भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरलं, वाळल्यावर त्यातच पुन्हा लहान भोक पाडलं, मग पॉलिसल्फाइडचं सीलंट किंवा ब्युटाइलची चिकट टेप घालून स्क्रू आवळला, हे डोळ्यांनी बघा. सिलिकॉन लावू देऊ नका. ते एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग, वॉर्निश काहीच धरत नाही.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण पहिल्याच बैठकीत वकिलाने विचारलं, “साग लावणार असं त्याने लिहून कुठे दिलंय?” कागदावर नव्हतं. बऱ्याच शोधानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज सापडला, ‘सर बर्मा साग आला, उद्या कटिंग.’ माझी सगळी तक्रार त्या एका ओळीवर आणि बंगळुरूच्या अहवालावर उभी आहे. तो मेसेज डिलीट झाला असता तर माझ्या हातात काहीच उरलं नसतं. आजही कंत्राटदार फोन उचलतो, गोड बोलतो आणि पुढच्या आठवड्याचा वायदा करतो.

या वेळी लाकूड मी स्वतः आणलं. बखारीतून, पक्क्या बिलावर, त्यावर ‘बल्लारशा साग’ आणि घनफूट लिहून घेऊन. विदर्भातला हा साग कशाला कमी आहे असं मला वाटत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान तिथूनच गेलं. फळ्या निवडताना कडेचा फिकट पांढुरका भाग असलेल्या बाजूला काढल्या, कारण कुजण्याला तोंड देतो तो आतला गाभा. नाखवांच्या ओळखीचे होड्या बांधणारे एक मिस्त्री काम करताहेत. ते रोज पहिली पट्टी रंधून माझ्या हातात देतात, मी न मागता.

डावी बाजू पूर्ण झाली. उजव्या बाजूचा डेक अजून उघडा आहे. नवा बाल्सा बसला, वर फायबरचे दोन थर चढायचे आहेत, आणि हवेतली ओल उतरल्याशिवाय मिस्त्री त्याला हात लावायला तयार नाहीत. या मोसमात होडी पाण्यात जाणार नाही.