तात्पुरत्या पालकांसाठीचं प्रशिक्षण: जरूर घ्या

या प्रशिक्षणातला वागणुकीचा भाग फारच उत्तम. उपासमार सोसलेली मुलं खाणं लपवून ठेवतात. रागावू नका, हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका, असं शिकवणाऱ्या ताईंनी आधीच बजावलं होतं. आमच्याकडे काही महिन्यांसाठी आलेली मुलगी पहिल्याच रात्री उशीखाली बिस्किटं कोंबून झोपली. मी फक्त तिचा डबा भरून ठेवत गेले. हल्ली तीच डबा उघडून विचारते, "काकू, तुला देऊ?" (किती बरं वाटतं म्हणून सांगू!) कागदपत्रांची माहिती मात्र घाईत उरकली. मूल परत जाताना त्याला निरोप कसा द्यायचा, यावरही वेगळं सत्र हवंच.