चेस्ट सपोर्ट टी-बार रो मशीन : खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी पाठीसाठी आधी हे धरा

पाठीच्या व्यायामाच्या दिवशी जिममधली सगळी गर्दी लॅट पुलडाऊनवर (डोक्यावरची दांडी खाली ओढायचं मशीन) असते आणि कोपऱ्यातलं, छातीला पॅड असलेलं टी-बार मशीन बिचारं रिकामं असतं, म्हणून मुद्दाम त्याच्यावर लिहितोय. पुलडाऊन चांगलंच आहे, पण खांद्याच्या पात्यांमधला भाग जाड आणि मजबूत करायचा तर रो, म्हणजे वजन आपल्याकडे ओढायचा व्यायाम, मारल्याशिवाय पर्याय नाही.

आता रो कुठला, तर माझ्या मते एकच गोष्ट बघा, सेटच्या शेवटी आधी काय थकतं. वाकून बारबेल (प्लेट लावायची लांब दांडी) रो मारताना धड हवेत धरून ठेवायचं काम कंबरेचं असतं, आदल्या दिवशी डेडलिफ्ट (जमिनीवरून जड बार उचलणं) झालं असेल किंवा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कंबर आखडली असेल तर पाठीत दम असतानाही सेट संपतो. या मशीनवर छाती पॅडला टेकलेली, झटका मारायला जागाच नाही, त्यामुळे जे थकतं ते पाठच थकते. पकड आधी सुटत असेल तर खुशाल मनगटाला बांधायचे स्ट्रॅप लावा, लाज कसली त्यात.

हँडल दोन प्रकारचे असतात. रुंद धरून कोपरं बाहेर काढली की वरची पाठ आणि खांद्याचा मागचा भाग, अरुंद धरून कोपरं कमरेकडे ओढली की लॅट्स, म्हणजे पाठीच्या बाजूचे मोठे स्नायू. आणि २० किलोच्या प्लेट लावू नका, १० च्या लावा, मोठी प्लेट आधीच फ्रेमला अडते आणि रेप (एकदा ओढून सोडणं) अर्धीच होते! खाली जाताना हात पूर्ण सुटू द्या, पाती पुढे जाऊ द्या, मग ओढा. मशीनवरचं वजन बारबेलशी ताडून बघू नका, इथे लिव्हरचा (तरफेचा) हिशोब वेगळा असतो.

त्रासही आहे, तोही सांगतो. वजन वाढलं की पॅड बरगड्यांवर दाबतं आणि श्वास नीट घेता येत नाही, भरल्या पोटी तर नकोच. बायकांना पॅडचा जास्त त्रास होतो असं ऐकलंय. उंची कमी असेल तर पायाची पट्टी वर घ्या, काही मशीनला ती हलतच नाही, तिथे मात्र पंचाईत.

बारबेल रो सोडा असं अजिबात म्हणत नाही, कंबर ताजी असेल तर तो हवाच. अमेरिकन वेटलिफ्टिंग कोच ग्लेन पेंडले यांच्या नावाचा पेंडले रो प्रत्येक रेपला बार जमिनीवर ठेवून मारतात, पण तो ४५ सेंटीमीटर व्यासाच्या मोठ्या प्लेटच्या उंचीवर जमतो, आपल्याकडच्या छोट्या प्लेट लावल्या की बार फार खाली जातो आणि पाठ गोल होते, तेव्हा खाली काहीतरी ठेवून बार उचलून घ्या. १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंग स्पर्धा जिंकलेल्या डोरियन येट्सचा रो जरा उभं राहून, तळवे वर करून मारायचा, कंबरेला सोपा पण बायसेप्सवर ताण जास्त, नवख्यांनी जड मारू नये.

जिममध्ये हे मशीन नसेल तर इन्क्लाइन बेंच ३० ते ४५ अंशावर लावा, पालथे झोपा आणि दोन डंबेल ओढा. छाती बेंचवरून उठली की समजा वजन जास्त झालंय.