गोव्याच्या पाण्यात कान कशाने लावायचा? बोटीवरचा हायड्रोफोन, तळाचा रेकॉर्डर आणि एआय

शिकेरीहून डॉल्फिन दाखवायला निघालेली बोट इंजिन बंद करते, तेव्हा कुठे पाण्याखालचं काही ऐकू यायला लागतं. तोवर माईक हजारांचा असो की लाखांचा, कानावर पडतो तो फक्त बोटीचा पंखा. एखादं कॉलेज, डायव्हिंग स्कूल किंवा बोटवाल्यांची संघटना देवमासे-डॉल्फिनचे आवाज टिपायचा विचार करत असेल, तर पुढ्यात तीन रस्ते येतात: बोटीवरून हाताने सोडायचा हायड्रोफोन (पाण्याखालचा माईक), तळाशी ठेवून यायचा रेकॉर्डर, आणि हल्ली ज्याचा गाजावाजा जास्त आहे ते एआय. चौकशी बहुतेक तिसऱ्यापासून सुरू होते. आमच्या मते ती पहिल्यापासून व्हावी, आणि त्याच्याही आधी प्राणी ठरवावा.

आधी प्राणी, मग यंत्र

आग्वाद ते मुरगाव या पट्ट्यात रोज दिसतात ते हम्पबॅक डॉल्फिन. त्यांच्या शिट्ट्या साधारण ३ ते २० किलोहर्ट्झमध्ये असतात, पण भक्ष्य शोधताना होणारी टिकटिक १०० किलोहर्ट्झच्याही वर जाते. फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे पाठीवर पंख नसलेला लाजाळू प्राणी, शिट्टी वाजवतच नाही. त्याचं सगळं १०० किलोहर्ट्झच्या बरंच वर. उलट निळा देवमासा १०० हर्ट्झच्या खाली गातो. हम्पबॅक देवमाशाचं गाणं या दोन टोकांच्या मधलं.

नियम साधा आहे: जो आवाज हवा, त्याच्या कंपनसंख्येच्या किमान दुप्पट वेगाने यंत्राला आवाजाचे नमुने घ्यावे लागतात. बाजारातले बरेच हँडी रेकॉर्डर ९६ किलोहर्ट्झवर थांबतात, म्हणजे त्यांना ४८ च्या वरचं काहीच कळत नाही. डॉल्फिनच्या शिट्टीला ते पुरेसे आहेत. पॉरपॉइजच्या बाबतीत मात्र तो रेकॉर्डर ठार बहिरा. महिनाभर तो पाण्यात सोडून ‘इथे पॉरपॉइज नाहीत’ असा निष्कर्ष काढणं ही अगदी ठरलेली चूक.

दुसरी चूक उलट्या टोकाची. दहा मीटर खोल पाण्यात रेकॉर्डर ठेवून निळ्या देवमाशाची वाट बघणं. उथळ पाण्यात खालच्या पट्टीचा आवाज लांब जाऊच शकत नाही. वाळूचा तळ धरला तर १० मीटर खोलीवर साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं वाटेतच विरतं. ५० मीटरवर हीच मर्यादा १६ हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणून मोठ्या देवमाशांसाठी गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या कितीतरी बाहेर जावं लागतं. भारतीय पाण्यात निळ्या देवमाशाचं गाणं टिपलं गेलं ते लक्षद्वीपच्या कवरत्तीजवळ, जिथे प्रवाळ बेटाला लागूनच समुद्र खोल होतो. गोव्याला तशी खोली गाठायला शंभर किलोमीटरच्या आसपासचा उथळ पट्टा ओलांडावा लागतो.

हाताने सोडायचा हायड्रोफोन

सामान असं: अ‍ॅक्वेरियनच्या एच-टू-ए सारखा साधा हायड्रोफोन, १० ते १५ मीटर केबल, प्लग-इन पॉवर, म्हणजे त्याच वायरीतून माईकला वीज, देणारा रेकॉर्डर, बंद कानांचे हेडफोन, अर्धा किलो शिसं आणि कोरडी पेटी. सगळं मिळून खर्च हजारांत राहतो.

इंजिन बंद करा, जनरेटर बंद करा आणि फिशफाइंडर, म्हणजे मासे शोधणारं सोनार, नक्की बंद करा. फिशफाइंडरची टिकटिक अनेकदा ५० किलोहर्ट्झवर असते आणि वेगवान रेकॉर्डिंगमध्ये ती हुबेहूब प्राण्यासारखी दिसते. फरक ओळखायचा तर दोन ठोक्यांमधलं अंतर बघा: यंत्राचं घड्याळासारखं सारखं असतं, डॉल्फिनचं भक्ष्याजवळ जाता जाता आक्रसत जातं. होडी शांत झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग ४ ते ५ मीटरवर हायड्रोफोन सोडा. केबल होडीच्या काठाला घासू देऊ नका. काठावर जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा टाकला की पुरतं. खाली वजन आणि वर स्प्रिंगसारखा रबराचा तुकडा बांधला, तर होडीचं डुलणं केबलमधून आवाजात उतरत नाही.

रेकॉर्डरवर ऑटो-गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय, बंद ठेवा, नाहीतर लांबची बोट आणि जवळचा डॉल्फिन एकाच जोराचे दिसतील. गेन एकदा ठरवा, मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा, आणि पूर्ण हंगाम तोच ठेवा. खालच्या पट्टीचे आवाज कापणारा लो-कट फिल्टर बंद. फाइल वॅवमध्ये, एमपीथ्रीमध्ये नाही. एमपीथ्री माणसाच्या कानाला नको ते फेकून देतं आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवून त्यावर चर्चा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

प्रत्येक थांब्यावर ५ मिनिटं. वहीत वेळ, जीपीएस, भरती की ओहोटी, ५०० मीटरच्या आत किती बोटी, किती प्राणी दिसले आणि ते काय करत होते, एवढं लिहा. वारा वाढून पांढरे फेस सगळीकडे दिसायला लागले की परत फिरा. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते, केबल सरळ राहते. उधाणाला मांडवीच्या मुखाशी हायड्रोफोन तिरका होऊन पृष्ठभागाजवळ तरंगत येतो.

या पद्धतीचा खरा फायदा उपकरणात नाही, वहीत आहे. कोण बोलला, काय करताना बोलला आणि त्या वेळी शेजारी किती बोटी होत्या, हे एकाच जागी नोंदलं जातं. तोटाही उघड आहे: रात्र सुटते, पावसाळा सुटतो, आणि तुमची होडी स्वतःच एक बोट असते.

तळाशी ठेवायचा रेकॉर्डर

इथे तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाखाली खपतात, त्या आधी वेगळ्या करू.

हायड्रोमॉथ हा सगळ्यांत स्वस्त. ३ डबल-ए सेल, मायक्रोएसडी कार्ड, ३८४ किलोहर्ट्झपर्यंत नमुने, आणि ६० मीटरपर्यंत चालणारी डबी. पण तो आवाज डबीच्या भिंतीतून ऐकतो, त्यामुळे सगळ्या पट्ट्या सारख्या येत नाहीत. ‘डॉल्फिन होता की नव्हता’ एवढ्यापुरता तो बरा. ‘इथे आवाज इतके डेसिबल आहे’ असं त्यावरून म्हणायला जाऊ नये.

साउंडट्रॅप लाखांत जातो, पण तो मोजून-पारखून दिलेला असतो. एसटी-३०० च्या एचएफ रूपाचा वेग ५७६ किलोहर्ट्झपर्यंत. बंदर, सरकारी खातं किंवा न्यायालयासमोर आवाजाचा आकडा ठेवायचा असेल, तर हाच हवा. तिथे पैसे वाचवू नयेत, कारण समोरचा तज्ज्ञ पहिला प्रश्न कॅलिब्रेशनचाच विचारतो.

एफ-पॉड आवाज साठवत नाही, फक्त टिकटिक ओळखून तिची नोंद ठेवतो, म्हणून महिनोन्महिने चालतो. पॉरपॉइजसाठी तो उत्तम. देवमाशासाठी निरुपयोगी.

साठवणुकीचं गणित आधी करा. १६ बिट, एक चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे दिवसाला ८.३ जीबी. ३८४ वर हेच ६६ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पहिल्या वेगाला १५ दिवस पुरतं, दुसऱ्याला दोन दिवसही नाही. तासातून १० मिनिटं घेतली तर ३८४ वर साडेअकरा दिवस निघतात. ४८ वर कार्ड तीन महिने जाईल, पण सेल त्याच्या कितीतरी आधी मान टाकतील.

बांधणी: ४० ते ५० किलोचा काँक्रीटचा ठोकळा, १० मिलिमीटरची दोरी, तळापासून एक-दीड मीटरवर रेकॉर्डर, त्याच्या वर पाण्याखालीच राहणारा बोया. पृष्ठभागावर बोया ठेवला तर प्रत्येक लाट दोरी ओढते, शिवाय चोरालाही जागा कळते. साखळी आणि लोखंडी शॅकल टाळा, त्यांचा खणखणाट महिनाभर ऐकावा लागतो. लावायचंच असेल तर रबरी नळीत गुंडाळा. डबीच्या ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी शिरतं. म्हणून पहिल्या दिवशी डबी रिकामी, आत टिश्यू पेपर ठेवून खाली पाठवा.

जागा निवडताना मासेमारीचा विचार आवाजाच्या आधी करावा लागतो. ट्रॉलरना किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत बंदी आहे, पण जाळ्याला नकाशा वाचता येत नाही. खडकाळ जागेजवळ ठेवलेला रेकॉर्डर टिकतो, कारण तिथे जाळं फाटण्याच्या भीतीने कुणी ओढत नाही. ग्रँड आयलंडच्या भोवती डायव्हिंगवाले नेहमी असतात, त्यामुळे तो परत काढणंही सोपं. फक्त जीपीएसवर विसंबू नका. रापणकार लावतात तशा किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा जुळवून जागा लिहून ठेवा, गढूळ पाण्यात त्याच उपयोगी पडतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत पाणी शांत असेल असं वाटतं. पण त्याच काळात लाटा ठोकळा वाळूत गाडतात आणि लाटांचाच गोंगाट कार्ड भरतो. रेकॉर्डर सप्टेंबर सरता-सरता टाकावा.

ऐकायला बसल्यावर पहिल्यांदा जो तडतडाट येतो, तेलात मोहरी टाकल्यासारखा, तो यंत्राचा दोष नाही. ती चिमटा वाजवणारी कोळंबी. संध्याकाळनंतर घुमट या वाद्यासारखं सलग घुमणारं काही आलं तर ते बहुधा माशांचं सामूहिक गान. ग्रँड आयलंडजवळ असं गान शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. नवखे दोन्हींवर ‘डॉल्फिन’ असं लिहून मोकळे होतात.

आणखी एक बारीक गोष्ट. हायड्रोमॉथचं घड्याळ मुळात यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतं. ते बदललं नाही तर पहाटे साडेपाचचा आवाज मध्यरात्रीचा दिसतो आणि ‘डॉल्फिन रात्री जास्त बोलतात’ असा थोर शोध लागतो. टाकताना आणि काढताना पाण्यात लोखंडावर तीन ठोके मारून जीपीएसची वेळ वहीत लिहा. घड्याळ किती सरकलं ते नंतर त्यावरूनच कळतं.

एआय

२०२४ मध्ये प्रोजेक्ट सेटी या देवमाशांच्या संवादाचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाच्या शास्त्रज्ञांनी कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाजवळच्या स्पर्म व्हेलचे ८,७१९ कोडा, म्हणजे टिकटिकीचे ठरावीक ठेके, तपासून त्यात ताल, लय, लयीतली ओढाताण आणि अलंकार असे घटक असल्याचं दाखवलं. तबला ऐकलेल्या कानाला ही कल्पना परकी नाही. पण त्यामागे सुमारे ६० ओळखीचे प्राणी आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी होत्या. गूगलच्या २०२५ च्या डॉल्फिनजेमा या एआय मॉडेलमागेही बहामातल्या डॉल्फिनची १९८५ पासूनची टिपणं आहेत. आणि इतकं असूनही कोडाचा अर्थ अजून लागलेला नाही, रचना तेवढी दिसली आहे. गोव्यात ‘भाषांतर’ करून देतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा: तुमच्याकडे किती प्राणी नावानिशी ओळखीचे आहेत?

ओळखण्यापुरतं एआय मात्र कामाचं आहे. गूगलचं २०२४ चं मॉडेल ८ जातींचे देवमासे ओळखतं. त्यात आपल्याकडेही असणारा ब्रायड्स देवमासा आहे, पण त्याचा आवाज मॉडेल शिकलंय पॅसिफिकमधल्या रेकॉर्डिंगवर. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे इतर समुद्रांतल्यांपासून तुटलेले, दरवर्षी थंड समुद्रांकडे स्थलांतर न करणारे, त्यांचं गाणंही वेगळं. तेव्हा परदेशी मॉडेल थेट लावण्याआधी रेव्हन लाइट किंवा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, डोळ्यांनी बघून काही शे नमुन्यांवर हाताने खुणा करा, मग मॉडेल पारखा. पारखायचे नमुने वेगळ्या दिवसाचे आणि वेगळ्या जागेचे हवेत. गोव्यातला खास सापळा असा की डॉल्फिनची बहुतेक रेकॉर्डिंग्ज पर्यटनाच्या वेळातली असतात. मॉडेल मग इंजिन ऐकू आलं की डॉल्फिन सांगायला शिकतं, आणि कागदावर त्याची अचूकता झकास दिसते.

आवाजाची एक मुळातलीच मर्यादाही आहे. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह टॅग लावलेली लुबान नावाची हम्पबॅक देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यासमोर आली. पण हम्पबॅक देवमाशांमध्ये गातात ते नर. किनाऱ्यावर गाणं शोधणारी यंत्रं ओळीने लावली असती, तरी तिची चाहूल लागली नसती.

कुणी काय घ्यावं

बोटवाल्यांनी आणि शाळा-कॉलेजांनी हाताचा हायड्रोफोन घ्यावा. हम्पबॅक डॉल्फिनला बोटींचा त्रास होतो, आणि बोटीसकट नोंद फक्त यातच होते. दहा बोटी असतानाचं आणि एक बोट असतानाचं रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी लावून दाखवलं, की मागून किंवा बाजूने हळू जाणं, अंतर ठेवून इंजिन बंद करणं, एका कळपापाशी एका वेळी थोड्याच बोटी, हे पटवायला वेगळं भाषण लागत नाही. डायव्हिंग स्कूलच्या जोडीने काम करणाऱ्या कॉलेजने दोन हायड्रोमॉथ घ्यावेत. एक जाणारच असं धरून चालावं. मुरगावच्या जहाजांच्या आवाजाचा प्रश्न हातात घ्यायचा असेल तर साउंडट्रॅप, आणि सोबत दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणच्या जाणकाराचा सल्ला. व्हँकुव्हरजवळ २०१७ मध्ये जहाजांना स्वेच्छेने वेग ११ नॉटवर आणायला सांगितलं, ते किलर व्हेलच्या पाण्यातला आवाज मोजत-मोजतच. मोठ्या देवमाशांच्या मागे किनाऱ्यावरच्या गटाने एकट्याने लागू नये. खोल पाण्यातलं काम जहाज आणि ध्वनीने सुटणारा नांगर असणाऱ्यांचं.

पाण्यात काहीही ठेवण्याआधी बंदर कप्तानाचं कार्यालय, किनारी पोलीस आणि जागा बंदराच्या हद्दीत येत असेल तर बंदर प्रशासन यांना लेखी कळवा. नौदलाचं ठाणं असलेल्या किनाऱ्यावर बेवारस हायड्रोफोन सापडणं ही गमतीची गोष्ट नाही. डबीवर संस्थेचं नाव आणि फोन नंबर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत लिहा.

आवाज वाजवून डॉल्फिनला ‘उत्तर’ देण्याचा मोह टाळा. अलास्कात २०२१ मध्ये एका हम्पबॅक देवमाशाशी अशी २० मिनिटांची देवाणघेवाण झाली, पण ती संशोधकांनी आखून केलेली. आपल्याकडे हे सगळे प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आणि ताजी रेकॉर्डिंग्ज जागेसकट लगेच इंटरनेटवर टाकू नका. काही आठवडे थांबा, जागा ढोबळ करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ठिकाणी सहा बोटी उभ्या असतील.