हाताने फिरवायचा भोंगा: सोसायटीसाठी घ्यावा का?

आमच्या सोसायटीने हाताने फिरवायचा भोंगा, म्हणजे धोक्याचा इशारा देणारा सायरन, घेतला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सेफ्टीचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून आणला, घासाघीस करून साडेतीन हजारांच्या आत पडला. तेव्हापासून आजूबाजूच्या सोसायट्यांमधून विचारणा चालू आहे, म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी मानखुर्दला राहते आणि तळमजल्यावर पाळणाघर चालवते. गच्चीवरून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. माहेर चिंचणीचं, तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून दहा किलोमीटरच्या आत. वेळ आली तर इशारा लोकांपर्यंत पोचणार कसा, हा प्रश्न मला दोन्ही घरांसाठी पडतो. भीतीपोटी नाही. आमच्या बिल्डिंगमधली कितीतरी माणसं त्या केंद्रात नोकरी करून रिटायर झाली. ट्रॉम्बेची ‘ध्रुव’ ही संशोधनाची अणुभट्टी आहे, १०० मेगावॅट औष्णिक क्षमतेची, तर तारापूरची तिसरी आणि चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॅट वीज बनवते. दोन्हींचा आवाका वेगळा, हे कळतं. शिवाय आमच्या चेंबूर-माहुल पट्ट्यात तेलाचे आणि रसायनांचे कारखानेही आहेत. इशारा कशाचाही असो, तो ऐकू यायला हवा.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, मुंबईत दुपारी चारला भोंगे वाजले. आमच्याकडे रस्त्याच्या बाजूच्या घरांत तो आवाज अंधुक आला. मागच्या विंगेत एसी चालू, खिडक्या बंद, त्यांना पत्ताच नव्हता. त्याच आठवड्यात कमिटीच्या मीटिंगमध्ये भोंग्याचा विषय निघाला.

आता वस्तूबद्दल. ओतीव ॲल्युमिनियमचं लाल रंगाचं धूड आहे, एका माणसाला उचलता येतं. आत पात्यांचं चाक आणि त्याभोवती झरोक्यांचं कडं. दांडा फिरवला की गिअरमुळे चाक हाताच्या कितीतरी पट वेगाने फिरतं, झरोके भराभर उघडतात-मिटतात, हवा तुटक तुटक बाहेर पडते आणि तोच आवाज होतो. वीज नाही, बॅटरी नाही. वेग वाढवला की सूर चढतो, हात सैल केला की उतरतो. आपल्याकडे नागरी संरक्षणाचा धोक्याचा इशारा म्हणजे दोन मिनिटं चढ-उताराचा भोंगा, आणि धोका टळला की दोन मिनिटं एकसुरी. दोन्ही या एकाच दांड्यावर निघतात. चढ-उतार कोणालाही जमतो, एकसुरीला मात्र जात्यावर बसल्यासारखी लय धरावी लागते. आमच्या वॉचमन काकांना ती पहिल्या फेरीतच साधली, तरुण मुलं अजून धडपडतायत.

आवाजाला मी पूर्ण मार्क देईन. फिरवणाऱ्याने कानात बोळे घातलेच पाहिजेत, त्यात हयगय नको. दोन मिनिटं मात्र वाटतात तेवढी सोपी नाहीत, खांदा भरून येतो. म्हणून दोघं लागतात. चाक जड असल्यामुळे एकाने दांडा सोडून दुसऱ्याने धरेपर्यंत आवाज तुटत नाही, ही यातली फार चांगली गोष्ट.

स्टँड टाकाऊ आहे. तीन हलके पाय, गच्चीच्या लाद्यांवर घसरतात. आम्ही फॅब्रिकेटरकडून पट्टी करून घेतली आणि भोंगा पाण्याच्या टाकीशेजारच्या भिंतीला बोल्टने बसवला. आधी गेटजवळ ठेवून पाहिला होता, पण दोन विंगांच्या मध्ये आवाज नुसता घुमतो, वरच्या मजल्यांना दिशाच कळत नाही. गच्चीवरून मागच्या विंगेतही पोचला. खोक्यावर एक किलोमीटर लिहिलंय, ते उघड्या माळरानावरचं समजा. मोकळ्यावरसुद्धा अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. इथे तर मध्ये इमारती आणि हायवेचं ट्रॅफिक. एका सोसायटीला आणि पलीकडच्या गल्लीला पुरतो, एवढंच धरून घ्या.

मीटिंगमध्ये एकाने विचारलंच, “ताई, मोबाइलवर अलर्ट येतो ना, मग हा कशाला?” प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या होत्या, तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम थरथरत ओरडले होते. ती व्यवस्था मला मनापासून आवडते. त्यात कोणाचा फोन नंबर माहीत असावा लागत नाही. ठरावीक टॉवरच्या हद्दीत जेवढे फोन असतील त्या सगळ्यांवर संदेश एकाच वेळी जातो, त्यामुळे एसएमएससारखा रांगेत अडकत नाही. आणि भोंगा जे कधीच सांगू शकणार नाही ते तो सांगतो: काय झालंय, कुठे, काय करायचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲपही फोनमध्ये असू द्या, आपल्या भागाचे इशारे त्यात दिसतात. पण फोन बंद असेल, चार्जिंग संपलं असेल, टॉवरच पडला असेल, तर?

जपानमध्ये ११ मार्च २०११ ला हेच झालं. भूकंप आणि त्सुनामीने वीज आणि फोन दोन्ही गेले. रात्री ९ वाजून २३ मिनिटांनी फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राच्या तीन किलोमीटर परिसरातल्या लोकांना बाहेर पडण्याचा आदेश निघाला. तेव्हा ज्या गावात ते केंद्र आहे तिथल्या फक्त २० टक्के लोकांना अपघात झाल्याचं माहीत होतं, असं जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी समितीने २०१२ मध्ये नोंदवलं. शेजारी राहणाऱ्या दहातल्या आठांना खबर नाही! हे वाचल्यावर विजेशिवाय चालणाऱ्या वस्तूची किंमत मला जास्तीची वाटत नाही. अमेरिकेत १९७९ च्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर अशा केंद्रांभोवती दहा मैलांपर्यंत लोकांना साधारण पंधरा मिनिटांत सावध करता येईल अशी व्यवस्था सक्तीची झाली, तिथे गावोगावी खांबांवर भोंगे उभे राहिले.

आपल्याकडेही अणुवीज केंद्राभोवती सोळा किलोमीटरचा परिसर आपत्कालीन नियोजनात धरतात. केंद्राच्या हद्दीबाहेर परिणाम होणार असेल तर सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, आणि त्याच्या तालमीही होतात. चिंचणीला माझा भाऊ घरीच दागिन्यांच्या डाय बनवतो. त्याचं म्हणणं, गावात गाडीवरचा लाऊडस्पीकर आणि ओळखीचा आवाज याइतकं दुसरं काही चालत नाही. मला ते पटतं. दवंडी ऐकायची सवय गावाला अजून आहे, आमच्या टॉवरांना नाही.

इथवर भोंग्याचं कौतुक झालं. पण घेण्याआधी ज्याचा विचार करायला हवा ती गोष्ट वेगळीच आहे. पोलीस चौकीला कळवून, लिफ्टमध्ये नोटीस लावून आम्ही पहिली चाचणी घेतली. भोंगा सुरू झाला आणि अर्धी बिल्डिंग खाली आली! गॅलऱ्या भरल्या, खिडक्या उघडल्या, मोबाइल बाहेर निघाले. चौथ्या मजल्यावरच्या आजी वरून विचारतायत, “अगं, काय झालं गं?” त्यांना १९७१ चा ब्लॅकआउट आठवतो, काचांना लावलेले काळे कागद आठवतात. त्या तेवढ्या आत वळल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. बाकी सगळे बाहेर. मुंबईकराला आवाज आला की तो बघायला जातो, मदतीला धावतो. हा आपला चांगुलपणा आहे, पण हवेतून किरणोत्सारी पदार्थ किंवा विषारी वायू येत असेल तर नेमकं याच्या उलट वागावं लागतं. आत जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, बाहेरची हवा आत ओढणारं सगळं बंद करायचं, पुढची सूचना येईपर्यंत आतच थांबायचं. विटा-काँक्रीटच्या भिंतीआड राहिल्याने बराच बचाव होतो.

त्यात दुकानदाराने भोंगा विकला तो ‘फायर सायरन’ म्हणून. आगीत आपण लोकांना काय शिकवतो? लिफ्ट वापरू नका, जिन्याने खाली या, मोकळ्यावर जमा. एकाच आवाजाला दोन उलट अर्थ दिले तर माणसं जिवानिशी जातील. म्हणून आमच्याकडे आगीला फायर अलार्मची घंटा, अर्थ ‘खाली’. भोंग्याचा अर्थ फक्त ‘आत’. हे ठरवून घेतल्याशिवाय कोणत्याही सोसायटीने ही वस्तू आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा नियम: प्रशासनाचा इशारा आल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. फोनवर अलर्ट आला किंवा पोलिसांनी सांगितलं, तरच. आम्ही तो इशारा फक्त पुढे पोचवतो. मे २०२५ मध्ये सरकारने वृत्तवाहिन्यांना बातम्यांमध्ये भोंग्याचे आवाज वापरू नका असं बजावलं होतं, कारण सारखा कानावर पडला की खऱ्या वेळी कोणी मान वर करत नाही. म्हणून वाढदिवसाला, विसर्जनाला, क्रिकेटची मॅच जिंकल्यावर हा वाजवायचा नाही. गच्चीच्या कुलपाची एक किल्ली काकांकडे, दुसरी माझ्याकडे.

आणि धोका टळल्याचा एकसुरी भोंगा धोक्याच्या भोंग्याइतकाच महत्त्वाचा. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १२ जानेवारी २०२० च्या रविवारी सकाळी पिकरिंग अणुवीज केंद्रात घटना घडल्याचा अलर्ट सगळ्या प्रांतातल्या फोनवर गेला. तो चुकून गेला होता. ‘काही झालेलं नाही’ असा दुसरा अलर्ट फोनवर यायला पावणेदोन तासांहून जास्त वेळ लागला. लहान मुलं घेऊन बसलेल्या आईला तेवढा वेळ किती मोठा वाटला असेल!

मुलांचा विषय निघालाच आहे तर माझं पाळणाघर सांगते. अणुअपघातात बाहेर पडणारं किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं आणि लहानग्यांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर तिथल्या मुलांना थायरॉइडचे कॅन्सर झाले, त्यात दूषित दुधाचा वाटा मोठा होता. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या याच्यासाठीच असतात, आणि त्या प्रशासनाने सांगितल्यावर, सांगितलेल्या मात्रेतच घ्यायच्या. आयोडीनयुक्त मीठ फाकून किंवा जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पिऊन काही होत नाही, उलट अपाय होतो.

माझ्याकडे आतल्या खोलीला एकच खिडकी आहे. एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर लावायला मापाने कापलेला प्लॅस्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी दारामागे टांगलेली. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल. बंद डब्यातली दूध पावडर, पाणी, बिस्किटं आणि सेलवर चालणारा रेडिओ. दुपारच्या झोपेच्या वेळी भोंगा वाजला तर मुलं दचकतील म्हणून मी त्यांना त्याचा आवाज आधी तोंडाने काढून दाखवला, मग खराखुरा ऐकवला. आता भोंगा म्हटलं की तीन वर्षांचं पोरही “मावशी, आत!” म्हणत आतल्या खोलीकडे पळतं. मोठ्यांना हे शिकवायला जास्त वेळ लागला.

सगळ्यात कठीण बोलणं झालं ते पालकांशी. भोंगा ऐकून किंवा अलर्ट बघून कोणीही मुलाला न्यायला धावत यायचं नाही, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. एका आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “ताई, मला नाही जमणार.” मी तिला आतली खोली दाखवली, टॉवेल दाखवला, रेडिओ लावून दाखवला. तू रस्त्यात अडकलीस तर तूही बाहेर आणि दार उघडलं म्हणून मुलंही उघड्यावर. त्यापेक्षा तू आहेस तिथे आत थांब, तुझं लेकरू माझ्याजवळ आत आहे. तिने सही केली. दर जूनला नव्या पालकांशी हे बोलणं मी पुन्हा करते.

भोंग्याच्या मागच्या भिंतीवर आणि दोन्ही विंगांच्या जिन्यात पेंटरकडून ठळक मराठी-हिंदीत लिहून घेतलंय: ‘भोंगा = आत. दारं-खिडक्या लावा. मोबाइल, रेडिओ, टीव्हीवरची सूचना ऐका. मुलांना आणायला धावू नका. एकसुरी भोंगा = धोका टळला.’ भोंग्यासोबत आलेला कागद फक्त इंग्रजीत होता आणि त्यात तेल कुठे घालायचं याशिवाय काही नव्हतं.

तर घ्यायचा असेल त्यांच्यासाठी: दुकानात फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. गिअर धातूचेच हवेत, आतून खडखड आली तर दुसरा मागा. स्टँडचे पैसे कमी करून घ्या आणि भिंतीची पट्टी वेगळी बनवा, आम्हाला सहाशेला पडली. खाडीच्या वाऱ्याने जाळीला गंज धरतो, म्हणून पावसाळ्याआधी ग्रीस आणि रंग. वर ताडपत्रीची टोपी घाला, नाहीतर कबुतरं झरोक्यात काड्या भरतात. नागदेवीची दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारी दुपारच्या आत जा.