ई-८५ वर काही महिने: गाडी चांगली, पण एक आकडा लपवते

माझी गाडी फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल कमीजास्त मिसळलं तरी चालणारी; काही महिने तिच्यात ई-८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल आणि थोडं पेट्रोल असलेलं इंधन भरतोय. इंजिन लाइट लागला नसता तर हे लिहायला बसलोच नसतो. सकाळी सेल्फ मारला, गाडी थरथरत सुरू झाली आणि ॲक्सिलरेटर दिला की गचके. सर्व्हिस सेंटरने कोड काढला: मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. उपाय काय, तर इंधन फवारणारे चारही इंजेक्टर बदला. एस्टिमेट वाचलं आणि गाडी तशीच घरी आणली.

मग ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा एक साधा स्कॅनर घेतला. त्यात इथेनॉलची टक्केवारी दिसते. टाकीत जवळजवळ सगळं ई-८५, आणि गाडीचा कॉम्प्युटर मात्र बहुतेक पेट्रोलच आहे असं धरून बसलेला! पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, शुद्ध इथेनॉलला साधारण ९ ला १. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन बरंच जास्त हवं. कॉम्प्युटर पेट्रोलच्या हिशेबाने सोडत राहिला, तर मिश्रण लीन होणारच. इंजेक्टर बिचारे काय करतील?

माझ्या गाडीत इथेनॉलचा वेगळा सेन्सर नाही. ऑक्सिजन सेन्सरवरून अंदाज बांधला जातो, आणि तोही टाकीची पातळी एकदम वाढलेली दिसली तरच. मी भाव बघून थोडं थोडं भरणारा माणूस. ते भरणं गाडीच्या खिजगणतीतच नाही. एकदा अर्धी टाकी भरली, लगेच पार्क न करता चांगली फिरवली, तसा आकडा सरसर वर गेला. पुढच्या काही फेऱ्यांत लाइटही विझला. इंजेक्टर अजून जुनेच आहेत.

माझा राग आहे तो इथे. स्क्रीनवर टायरचं प्रेशर दिसतं, गाण्याचा फोटोसुद्धा दिसतो, पण ज्यावर अख्खं इंजिन चालतं ती टक्केवारी नाही. पंपावरच्या नावावर विसंबण्यात अर्थ नाही: अमेरिकेत ई-८५ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं, थंडीत कमी. मग ॲव्हरेज वाढलं की घटलं हे ठरवायचं कशावरून?

ॲव्हरेजचं सांगतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. माझं ॲव्हरेज जवळपास पाव हिश्शाने पडलं. म्हणून ई-८५ पेट्रोलच्या पाऊण भावापेक्षा स्वस्त असेल तरच भरतो, नाहीतर सरळ पेट्रोल. ब्राझीलमध्ये पंपावर इथेनॉल जवळपास निव्वळ मिळतं, तिथले लोक ७० टक्क्यांचा हिशेब धरतात. ‘हिरवं इंधन’ वगैरे ठीक, पण पैसे मी मोजतो.

ताकदीबद्दल सुरुवातीला मित्रांना सांगितलं होतं की फरक नावापुरता. सपाट रस्त्यावर आजही तेच म्हणेन. पण भर उन्हात, भरलेली गाडी लांब चढावर घातली तेव्हा मत बदललं. पेट्रोलवर अशा ठिकाणी नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिन ठकठकणं) टाळायला कॉम्प्युटर स्पार्क थोडा उशिरा देतो आणि गाडी दमते. ई-८५ चा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, बराच वर, शिवाय इथेनॉल वाफ होताना हवेतली उष्णता भरपूर शोषतं, त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एका दमात वर गेली. टर्बोवाल्यांना हा फायदा माझ्यापेक्षा जास्त मिळत असणार. इंजिनाचं कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवलं असतं तर आणखी मजा होती, पण त्याच इंजिनाला साधं पेट्रोलही पचवायचं असतं.

थंडीत सकाळी सेल्फ लांबतो, कारण इथेनॉलची वाफ गारठ्यात नीट होत नाही. गारठा वाढला की टाकीत पेट्रोलचा वाटा वाढवतो, तक्रार संपते.

नवी फ्लेक्स-फ्युएल गाडी घेणार असाल तर मायलेज नंतर विचारा. इथेनॉलचा सेन्सर वेगळा आहे की नुसता अंदाज, हे आधी विचारा. विक्रेता इकडे-तिकडे बघू लागला तर स्कॅनरचे पैसे किमतीतून कापून मागा.