सिटी कॉलेज की थेट यूसी? सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्यांसाठी

मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली की बे एरियातल्या मराठी घरांत दुसरा विषयच नसतो, आणि त्यात कोणी कम्युनिटी कॉलेजचं (पहिली दोन वर्षं तिथे करायची, मग ट्रान्सफर घेऊन यूसीत, म्हणजे बर्कली, यूसीएलएसारखे कॅम्पस असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जायचं) नाव काढलं की समोरचे असा चेहरा करतात जणू पोरगं नापास झालंय. तो चेहरा ठेवा बाजूला, आधी पैशाचं बघू.

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे सीसीएसएफ, 1935 पासूनचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटचे (क्रेडिटचे) 46 डॉलर, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणारे 60 युनिट 2,760 डॉलरमध्ये होतात, पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. त्यात तुम्ही शहराच्या हद्दीत राहत असाल तर 2017 पासून फ्री सिटी योजना आहे, तिच्या अटींत बसलात तर ते 46 डॉलरपण शहर भरतं (घर पलीकडे डेली सिटीत घेतलं असेल तर मात्र नाही, काउंटी बदलते). एच-4 व्हिसावरच्या (एच-1बीवाल्यांचे जोडीदार, मुलं) लोकांनाही वर्षभराचा रहिवास नीट दाखवता आला तर रहिवाशाचीच फी लागू होऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. यूसीची नुसती फी वर्षाला 15,000 डॉलरच्या आसपास आणि डॉर्म, जेवण धरलं की आकडा 40,000 च्या पुढे. उत्पन्न कमी असेल तर ब्लू अँड गोल्ड योजनेत यूसीची फी सुटते, पण नवराबायको दोघं टेकमध्ये असतील तर ते विसरा.

शिकवण्याचं म्हणाल तर पहिल्या दोन वर्षांपुरतं मी सिटी कॉलेजला झुकतं माप देईन. वर्गात तीस-चाळीस पोरं, शिकवायला प्रोफेसर स्वतः, आणि त्यांचं मुख्य कामच शिकवणं. बर्कलीत कॉम्प्युटरच्या सीएस 61ए सारख्या कोर्सला हजाराच्या वर पोरं असतात आणि शंका विचारायची ती बहुतेक वेळा सीनियर पोरांना. पण लॅबमधलं रिसर्च, कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या, रात्री दोनला डॉर्ममध्ये जमणारी मैत्री, हे सगळं यूसीत पहिल्या दिवसापासून मिळतं. सिटी कॉलेजला डॉर्मच नाही, बाल्बोआ पार्कला बार्ट ट्रेनमधून उतरायचं, लेक्चर करायचं, घरी, आणि शेजारच्या बाकावर कोणी चाळिशीतली बाई नर्सिंगची तयारी करत असते तर कोणी रात्रपाळी करून आलेला. अठराव्या वर्षी हे कोणाला आवडतं, कोणाला एकटं वाटतं.

आता खरा मुद्दा. सगळे सांगतात की काय करायचं ठरलं नसेल तर कम्युनिटी कॉलेजला जा. मला उलट वाटतं. तिथे भटकणं पैशाने स्वस्त आहे, वेळेने महाग. कारण ट्रान्सफरला नुसते 60 युनिट चालत नाहीत, ज्या मेजरला (मुख्य विषयाला) जायचंय त्याचे ठरावीक कोर्स लागतात आणि ते प्रत्येक यूसीचे वेगळे, असिस्ट नावाच्या वेबसाइटवर कॉलेज आणि मेजर टाकून एकेक जुळवावे लागतात. इंजिनिअरिंगवाल्याने पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस धरलं नाही तर त्याच्या मागचं सगळं सरकतं, कॅल्क्युलसच्या तीन पायऱ्या, त्यावर फिजिक्सच्या, आणि एखादा वर्ग कमी पोरं आली म्हणून रद्द झाला की अजून एक सेमिस्टर गेलं. दोनाची तीन वर्षं अशी होतात. मेजर पक्कं आहे, पोरगं स्वतःहून काउन्सेलरच्या मागे लागणारं आहे, त्याच्यासाठी हा रस्ता सोन्यासारखा. ज्याला अजून दोन-चार गोष्टी चाखून बघायच्यात आणि घरची ऐपत आहे, त्याने थेट यूसीत जावं.

शाळेत मार्क घसरलेत अशांसाठी तर सिटी कॉलेज म्हणजे कोरी पाटी, कारण यूसी ट्रान्सफरवाल्याचे कॉलेजचे मार्क बघते, हायस्कूलचे नाही. शिवाय टॅग आहे, अटी पूर्ण केल्या तर जागेची हमी, पण ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहाच ठिकाणी, त्यातलंही एकच निवडायचं. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगोला हमी नाही. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो, मुख्य अर्जाच्या आधी, आणि इथेच खूप जण गाफील राहतात.

कॉलेज बंद पडणार म्हणे, ही भीती अजून कानावर येते. 2012 ला मान्यता जायची वेळ आली होती हे खरं, पण ती प्रत्यक्षात कधी गेली नाही आणि 2017 मध्ये पूर्ण मान्यता परत पक्की झाली. मात्र पोरांची संख्या खूप घटली, पैशाची ओढाताण झाली, 2022 मध्ये पूर्णवेळ प्राध्यापकांनाही नारळ दिला. म्हणून नाव घालण्याआधी तुमच्या मेजरचे कोर्स पुढच्या दोन सेमिस्टरच्या वेळापत्रकात खरंच आहेत का ते बघा, नुसत्या कॅटलॉगवर जाऊ नका. नसतील तर शेजारच्या कॉलेजात, स्कायलाइनला किंवा ऑनलाइन, तो एक कोर्स करता येतो, फक्त तो असिस्टवर चालतो का हे आधी तपासायचं.

पुण्या-मुंबईहून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर यायचा विचार असेल तर मात्र वरचा पैशाचा हिशोब लागू नाही. फ्री सिटी नाही, परदेशी विद्यार्थ्याची फी कितीतरी पट जास्त, दर सेमिस्टरला किमान 12 युनिट घ्यावेच लागतात, आणि खोलीभाडं सॅन फ्रान्सिस्कोचं.